ओडेसा नावाचा आवाज

डेट्रॉइट, ६ फेब्रुवारी २०२४

रेनिटा,

पंचवीस वर्षांनी तुझं कार्ड आलं आणि त्यावर चार वाक्यं. पाचवं लिहिलं असतंस तर पोस्टवाल्यांनी अडवलं नसतं. बर्फाच्या डोंगराचं चित्र मात्र झकास आहे. टॅकोमातून तो डोंगर खरंच एवढा जवळ दिसतो, की कार्ड छापणाऱ्यांची चलाखी आहे?

चारही वाक्यं मला पाठ झाली आहेत. 'रविवारी इथल्या एका चर्चमध्ये गेले होते. तिथल्या कीबोर्डमधून मम्मा गात होती. आणि मधेमधे ती श्वास घेत होती. डॅडी, तू काय केलंस?'

आधी धंद्याचं सांगतो, कारण तेवढंच मला धड सांगता येतं. तुझ्या आईचा आवाज टॅकोमाला पोचला यात भुताटकी काही नाही. एक्याण्णव साली शिकागोला चर्चमध्ये वाजवणाऱ्यांचं अधिवेशन भरलं होतं. सकाळी प्रार्थना, दुपारी हॉटेलच्या खोल्यांमध्ये फ्लॉपी डिस्कांची देवाणघेवाण. आमच्यात ती रीतच होती. तू तुझी व्हायोलिनं दे, मी माझा ऑर्गन देतो. ज्याच्याकडे दुसऱ्या कुणाकडे नाही असा आवाज असेल त्याला खुर्ची मिळायची, बाकीचे पलंगावर दाटीवाटीनं. मला तीन दिवस खुर्ची होती, कारण माझ्याकडे 'ओडेसा' होती. डिस्कवर निळ्या शाईनं मी तेच नाव लिहिलं होतं. मी एक पट्टी दाबायचो आणि मोठमोठे बाप्ये डोळे पुसायचे. दोघांना मी ती डिस्क करून दिली. एक टोलेडोचा, आणि दुसरा सिएटलकडचा होता, उंच, पुढचा दात सोन्याचा. त्यानं पुढे आपला कीबोर्ड विकला असणार. कीबोर्ड विकताना डिस्कांचा डबा सोबत द्यायचा असतो, तशी पद्धत आहे.

आता श्वासाचं. तिथे मात्र तुझे कान वाजले, पोरी. त्या आवाजात श्वास असूच शकत नाही. दोन सेकंदांचा 'आ' आहे तो. त्याची शेपूट त्याच्याच डोक्याला जोडलेली आहे, म्हणून पट्टी दाबून धरली की तो गोल फिरत राहतो, तुम्ही हात उचलेपर्यंत. श्वासाला फटच नाही. ती जोडणी मी तीन दुपारी खपून केली होती आणि आजवर कुणाला ती सापडलेली नाही.

गुडघे सोडले तर तब्येत बरी आहे. माउंट तिर्झा चर्चमध्ये अजून दर रविवारी मीच वाजवतो. दुसरा कुणी मिळत नाही म्हणून नव्हे, असं रेव्हरंड म्हणतात.

तुझा,
डॅडी


२१ फेब्रुवारी

रेनिटा,

या वेळच्या कार्डावर तीन शब्द. 'गोळा कर. पूस.' या गतीनं पुढच्या कार्डावर फक्त तिकीट असेल.

'पूस' हा शब्द तुझ्या अक्षरात बघून मला जरा बसावं लागलं. का, ते पुढे कधीतरी.

गोळा करायचं म्हणजे काय करायचं, तुला कल्पना आहे का? पन्नास वर्षांत माझ्या हाताखालून किती यंत्रं गेली. आपल्या जेवणाच्या खोलीत आपण कधी जेवलोच नाही, आठवतं? आधी तिथे तो इलेक्ट्रिक पियानो होता, दोन माणसांशिवाय न हलणारा. तू त्याच्याखाली उशी घेऊन झोपायचीस आणि मी पाय जपून पेडल मारायचो. मग तारवाद्यांचा आवाज काढणारं ते खोकं आलं, जे लग्नात वाजवलं की वधूच्या आया रडायच्या आणि दमट हवेत ठेवलं की स्वतःच रडायचं. मग त्र्याऐंशीत तो खऱ्याखुऱ्या घंटेसारखा किणकिणणारा कीबोर्ड, जो वर्षभरात गावातल्या प्रत्येक बँडकडे होता. त्याच्यासाठी मी पियानो विकला. तू चार दिवस माझ्याशी बोलली नाहीस. अकरा वर्षांची होतीस, पण अबोल्यात तेव्हाच तयार होतीस.

आणि शहाऐंशीत सॅम्पलर. बाहेरचा कुठलाही आवाज आत घेणारा.

ती दुपार तुला ठाऊक नाही, तू शाळेत होतीस. ओडेसा स्वयंपाकघरात कोलार्डची भाजी शिजवत होती, आत डुकराचा खूर घालून. मी मायक्रोफोन घेऊन दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "बेबी, एक 'आ' दे."

"आचेवर भाजी आहे, थॅड."

"दोन सेकंद."

तिनं झाकण ठेवलं, ओले हात कमरेवर ठेवले आणि दिला. संध्याकाळपर्यंत मी तो सगळ्या पट्ट्यांवर पसरला. उजवीकडे सरकत गेलं की तो कोवळा होत जायचा, आणि अगदी टोकाला सहा वर्षांची पोर गायला लागायची, थेट तू. डावीकडे गेलं की जडावत, सावकाश होत म्हातारी व्हायची. मी तिला बोलावून दाखवलं. मधली पट्टी दाबून धरली. ती ऐकत राहिली. हसली नाही.

"ही बाई श्वास कधी घेते?"

"हिला लागत नाही."

"मग ती मी नाही," ओडेसा म्हणाली आणि भाजीकडे गेली.

असो. क्लिओफसकडे जाऊन आलो. तो आठवतो ना, मोटारींच्या कारखान्यातून रिटायर झालेला, बँडमध्ये माझा दुसरा कीबोर्ड वाजवणारा? मी दार वाजवलं तर आतून ओरडला, "कोण?"

"थॅड."

"थॅड रकर? तो तर मेला असं ऐकलं."

"मेल्यावर काय तुझ्याकडे येईन, म्हाताऱ्या? दार उघड."

माझाच जुना सॅम्पलर त्याच्याकडे निघाला. कोपऱ्यावर माझ्या सिगारेटचा डागही तसाच. तळघरात मांसाच्या फ्रीजरशेजारी, चादरीखाली. मी म्हटलं, ती डिस्क हवी आहे. तर पठ्ठ्या म्हणतो, "ने बाबा. मी ती लावत नाही. मी वर जेवायला बसलो की खाली कुणीतरी दम घेतं. मला वाटलं फ्रीजर. फ्रीजर बंद करून बघितला. वीस पौंड बरगड्या वितळल्या आणि आवाज आपला तसाच."

"डिस्क लावलेली नसताना?"

"यंत्राची वायर काढलेली असताना."

मी हसलो. वायर जोडली, डिस्क घातली, मधली पट्टी दाबली. ओडेसा आली. मी मनात आकडे मोजले. वीसपर्यंत अखंड 'आ', कुठे फट नाही. बघ, मी म्हटलं, आणि हात उचलला.

आवाज थांबला, आणि मग कुणीतरी श्वास आत घेतला. खूप वेळ रोखून धरल्यावर घेतात तसा.

पट्ट्यांखाली रबर असतं, त्यात हवा अडकते. चाळीस वर्षांचं रबर आहे. डिस्क मी तिथेच कोरी केली. क्लिओ जिना चढून आधीच वर गेला होता.

डॅडी


१२ मार्च

रेनिटा,

टोलेडोची डिस्क सुटली. तो वाजवणारा वारला आणि बायकोनं सगळा डबा कचऱ्यात दिला, तोही दहा वर्षांपूर्वी. फोनवर बिचारी माफी मागत होती. मी म्हटलं, बाई, तुम्ही माझं पेट्रोल वाचवलंत.

इंकस्टरला मात्र जावं लागलं. तिथल्या चर्चचा गायकवृंद चालवणारी सिस्टर व्हर्नेल, कधी भेटली नाहीस तू तिला. तिची टोपी आधी खोलीत येते आणि ती मागून. शनिवारी सकाळी तालीम चालू होती. त्यांच्याकडे माझा अठ्ठ्याण्णवचा कीबोर्ड आहे, मी नवा घेतला तेव्हा त्यांना गेलेला, आणि 'ओडेसा' त्याच्या पोटात.

"पुसायची? का म्हणून?" सिस्टर व्हर्नेलनं कमरेवर हात ठेवले. "ब्रदर रकर, माझ्या आल्टो, खालच्या सुरात गाणाऱ्या या बायका, पाच वर्षं एकत्र श्वास घेत नव्हत्या. एक इथे घेतेय, दुसरी तिथे, वाक्याचे तुकडे. आता ही जी कोणी आहे ती घेते, आणि त्या तिच्याबरोबर घेतात. हिनं त्यांना शिस्त लावली."

"ती श्वास घेत नाही, सिस्टर. ती यंत्रात आहे."

"मला शिकवू नका. बसा तिथे आणि ऐका."

मी बसलो. चौदा बायका उभ्या राहिल्या. कीबोर्डवर त्यांची एक मुलगी होती, तिनं 'ओडेसा' लावून सूर धरला. पहिली ओळ झाली. ओळ संपता संपता, मुलीचा हात पट्टीवर असतानाच, आवाज तुटला. जीभ टाळ्यापासून सुटल्याचा बारीकसा टक्, आणि मग श्वास. त्या मागोमाग चौदाही जणींनी घेतला. चौदा छात्या एकदम वर. आणि सगळ्या मिळून पुढच्या ओळीत गेल्या.

तो टक् मी बारा वर्षं लग्नांच्या मंडपांत, हॉलांत, चर्चांत माझ्या उजव्या हाताला ऐकला आहे. तुझी आई गायला सुरुवात करायची त्याच्या आधीचा. मी त्यावरच ताल धरायचो.

आता तुला एक सांगायला हवं. पहिल्या पत्रात लिहिलं की त्या आवाजात श्वास असूच शकत नाही. ते खरं आहे, पण अर्धं. त्या दुपारी तिनं श्वास घेऊनच 'आ' दिला होता, माणूस दुसरं काय करणार. तो आत आला होता, टक्‌सकट. पण पुढे श्वास असला की पट्टी दाबल्यावर आवाज क्षणभर उशिरा येतो. वाजवणाऱ्याला ते चालत नाही. म्हणून आम्ही सगळेच पुढचा भाग कापतो. एक बटण फिरवायचं असतं. मी फिरवलं. तिचा श्वास मी कापला, रेनिटा, आणि तो कुठल्याच डिस्कवर नाही. इंकस्टरच्या यंत्रातही नाही. पुसण्याआधी मी तपासलं.

सिस्टर व्हर्नेलला मी सांगितलं की ती माझी बायको होती. तिनं टोपी काढली. तिला टोपीशिवाय मी पहिल्यांदाच पाहिलं. मग म्हणाली, "न्या तिला घरी." पुसण्याचं बटण मीच दाबलं. आल्टोंपैकी दोघी रडत होत्या, आणि एक म्हातारी माझ्याकडे अशी बघत होती की मी घाईघाईनं कोट घातला.

मधले कीबोर्ड मी कोरे करूनच विकले होते, म्हणजे आता माझी डिस्क राहिली आणि तुझ्या टॅकोमातली.

डॅडी


२१ मार्च

रेनिटा,

पत्र मिळालं. पत्रच म्हणतो, कारण या वेळी पाकीट होतं. तू त्या चर्चकडून तो कीबोर्ड घेतलास आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलास, हे वाचून बरं वाटलं. चादर घातलीस तेही बरं केलंस, धूळ वाईट. तुझी आई त्यावर पावाचं पीठ मळायला बसली असती.

इथे थंडी जात नाही. काल मदर हॅटीनं चर्चच्या तळघरात मासे तळले होते, तुझ्या आवडीचे पर्च, मक्याच्या पिठातले. तिला शहाण्णवावं चालू आहे आणि अजून झारा दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाही. तिनं तुझी चौकशी केली. मी म्हटलं, मजेत आहे.

तू शेवटी विचारलं आहेस, 'मम्मा बाकावर काय करायची ते तुला दिसत होतं का? हो किंवा नाही.' हेच तू दफन झाल्यावर जेवणाच्या वेळी विचारलं होतंस, हातात ताट घेऊन. तेव्हा मी जे उत्तर दिलं तेच आहे. माझी पाठ होती. कीबोर्डवाल्याचं तोंड गायकांकडे असतं आणि पाठ लोकांकडे, माउंट तिर्झात तशीच मांडणी आहे, आजही आहे. येऊन बघ हवं तर.

डॅडी


३० मार्च, ईस्टरच्या आदला दिवस

रेनिटा,

मागचं पत्र फाडून टाक. त्यात माशांखेरीज काही खरं नाही.

नऊ दिवस मी घरात कीबोर्ड उघडलेला नाही, तरी ऐकतो आहे. सकाळी दाढी करताना, दुपारी बटाटे सोलताना. टक्, आणि श्वास आत. बाहेर सोडल्याचा कधीच नाही. ती नुसती घेते आणि थांबते. मी वाट बघत उभा राहतो की आता सोडेल. चाकू हातात धरून काल मी किती वेळ उभा होतो कोण जाणे, बटाटा काळा पडला होता.

मला कळलं ती कशासाठी थांबली आहे. म्हणून लिहितो.

सत्त्याऐंशीच्या वसंतात तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला, ते तुला माहीत आहे. तिला मी मुलांची ती जादूची पाटी आणून दिली होती, काडीनं लिहायचं आणि वरचा पातळ कागद उचलला की कोरी. तिच्यावर ती वाणसामान लिहायची, तुला रागवायची, मला शिव्या द्यायची. वर्षानं, अठ्ठ्याऐंशीच्या ईस्टरला, मी चर्चमध्ये पहिल्यांदा 'ओडेसा' वाजवली. तिला न सांगता. मला वाटलं, मी तिला तिचा आवाज परत देतो आहे. शपथेवर सांगतो, मला असंच वाटलं. सगळं चर्च उभं राहिलं. रेव्हरंड रडले. लोक माझ्या पाठीवर थापा मारत होते, आणि तिलाही मिठ्या मारत होते, तिसऱ्या बाकावर, डावीकडे कडेला, जिथे ती बसायची.

घरी आल्यावर तिनं कोटही काढला नाही. पाटी घेतली आणि लिहिलं, 'पूस.'

मी काय केलं सांगू? मी हसलो आणि पाटीचा कागद उचलला. शब्द गेला. मी म्हणालो, "घे, पुसलं."

तिनं परत लिहिलं. मी परत उचलला. त्या दिवशी ती तीन वेळा लिहून थांबली. पण वर्षातून दोनदा-तीनदा ती ते लिहायचीच, आणि मी कागद उचलायचो, आणि म्हणायचो की लोकांना तुझी गरज आहे, बेबी. लोकांना तिची गरज होती हे खरं होतं. पण तिच्याशिवायही मला बोलावणी आली असती का, ही भीती मला होती. गावात माझ्यासारखे वाजवणारे पन्नास होते. 'ओडेसा' एकट्याकडे होती. अकरा वर्षांत मी पाच कीबोर्ड बदलले आणि दर वेळी सगळ्यांत आधी तिला नव्यात नेऊन ठेवलं, मग बाकीचं सामान.

आता तुझा प्रश्न. माझी पाठ होती. पण चर्चमधल्या माझ्या कीबोर्डच्या स्टँडवर एक आरसा होता. भंगारातल्या ब्युइक मोटारीचा, बाजूचा, चिकटपट्टीनं लावलेला. रेव्हरंड मागून खूण करतात, थांब, वाढव, परत घे, ते दिसायला हवं म्हणून. आमच्यात प्रत्येकाकडे असतो. त्यात रेव्हरंड दिसायचे आणि त्यांच्या खांद्यावरून तिसरा बाक.

मला दिसायचं. मी 'ओडेसा' वाजवायला लागलो की ती तोंड उघडायची. गात नव्हती, गाणार कुठून. ती श्वास घ्यायची. ओळ जिथे तुटायला हवी तिथे, बरोबर जागेवर, पुढच्या बाकाची कड दोन्ही हातांनी धरून. माझा सूर थांबत नव्हता, आणि ती त्याच्यासाठी श्वास घेत होती. खांदे वर जायचे, तोंड उघडं, आणि तो सोडायला मी जागाच ठेवत नव्हतो. तू शेजारी बसून तिचा हात धरायचीस. तेही दिसायचं.

पहिल्या काही रविवारी दिसलं. मग मी आरसा वळवला, बोटभर. मग त्यात फक्त रेव्हरंड दिसायचे आणि खिडकी. दफनाच्या दिवशीही मी वाजवली, पेटी समोर असताना, आणि आरसा तसाच वळवलेला होता.

हो. तुझ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आहे. मला दिसत होतं आणि मी न दिसायची सोय केली. तू ताट टेबलावर ठेवलंस आणि गेलीस. बरोबर केलंस.

हे पत्र आत्ताच टाकून येतो, नाहीतर मी ते परत वाचेन आणि सुधारेन.

डॅडी


१ एप्रिल

रेनिटा,

शनिवारी पत्र पेटीत टाकून आलो आणि जेवणाच्या खोलीत बसलो. आता तिथे एकच कीबोर्ड आहे, हलका, मी एकटा काखेत मारून नेतो असा. पूर्वीच्या सगळ्यांच्या खुणा जमिनीवर आहेत, पायांचे खड्डे. दिवस मावळायला अजून पुष्कळ वेळ होता. ऊन टेबलापर्यंत आलं होतं.

मी तिला लावली आणि मधल्या पट्टीवरून डावीकडे निघालो, एक एक करत. ती पन्नाशीची झाली, मग जितकी जगली त्याच्या पुढे गेली. तिथे कुठेतरी तू आहेस आता, पोरी, बावन्नची. मग साठ, मग सत्तर, मग माझ्या वयाची. शेवटच्या पट्टीवर ती इतकी सावकाश झाली की आवाज नुसता थरथरत होता. मी म्हणालो, "ओडेसा, पुसतो."

यंत्र विचारतं, खात्री आहे का. हो म्हटलं की परत विचारतं. तिनं मला अकरा वर्षं विचारलं, त्या मानानं हे काहीच नाही. मी दोन्ही वेळा हो म्हटलं. मग ती मूळ डिस्क कात्रीनं कापली. निळी शाई अजून ओळखू येत होती.

घर गप्प झालं. रात्रभर काही ऐकू आलं नाही. मला वाटलं, संपलं.

काल ईस्टर. चर्च गच्च, मदर हॅटी पांढऱ्या टोपीत पहिल्या बाकावर. मी कीबोर्डवर नुसता पियानो ठेवला होता, दुसरं काही भरलेलं नव्हतं, मी दोनदा बघितलं. आणि बसण्याआधी आरसा परत वळवला. एवढ्या वर्षांनी त्याचा सांधा घट्ट झाला होता, हाताला लागलं.

तिसऱ्या बाकाची डावी कड मोकळी होती, दोन माणसांपुरती. एवढ्या गर्दीत तेवढीच जागा. ईस्टरला माउंट तिर्झात मोकळी जागा म्हणजे काय, ते तुला मी सांगायला नको. लोक भिंतीला टेकून उभे होते आणि तिथे कुणी बसत नव्हतं. नंतर मी दरवाजावर लोकांना जागा दाखवणाऱ्या डीकनला विचारलं, तर म्हणाला, "तिथे तर कुणीतरी होतं की, ब्रदर थॅड. मी दोघांना दुसरीकडे पाठवलं."

आरशात मला कुणी दिसलं नाही. खरं तेच लिहितो, आता खोटं लिहायचं काही कारण उरलेलं नाही.

दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ संपत होती. माझ्या पाठीमागून, डावीकडून, टक्.

आणि श्वास आत.

माझे हात सवयीनं पुढच्या ओळीवर चालले होते. मी ते उचलले. दोन्ही. सगळं चर्च थांबलं, गायक माझ्याकडे बघायला लागले, रेव्हरंड आरशात भुवया वर करून बघत होते की म्हाताऱ्याला काय झालं. कुणालातरी वाटलं मी विसरलो. मला वाजवता येत नव्हतं असं नाही. मी जागा ठेवत होतो. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

मग तिनं तो सोडला. सावकाश, सगळाच्या सगळा. माझ्या मानेवरचे केस हलले, रेनिटा, आणि शपथेवर सांगतो, वाऱ्याला कोलार्डच्या भाजीचा वास होता. मदर हॅटीनं हातातला पंखा थांबवला आणि मागे वळून तिसऱ्या बाकाकडे बघितलं, आणि मान हलवली, ओळखीच्या माणसाला बघून हलवतो तशी.

मग मी पुढची ओळ घेतली. प्रत्येक ओळीनंतर हात उचलत गेलो. तिसऱ्या कडव्यापर्यंत लोकांना ते समजलं आणि तेही थांबून श्वास घ्यायला लागले.

आता फक्त तुझ्याकडची राहिली, तुझ्या स्वयंपाकघरात, चादरीखाली. मी तुला पूस म्हणणार नाही आणि ठेवही म्हणणार नाही, ते म्हणायचा हक्क मी केव्हाच घालवला. पुसायची झाली तर ते बटण उजवीकडे खाली आहे, आणि यंत्र दोनदा विचारेल. माझ्याकडे यायचं की नाही हेही मी विचारत नाही. तिसऱ्या बाकावर तिच्या उजवीकडची जागा, जिथे तू बसायचीस, तीही काल दुसऱ्या कुणी घेतली नाही, एवढंच कळवतो.

पण कधी ऐकावीशी वाटली आणि चादर काढलीस, तर माझं एक ऐक. पट्टी एका श्वासाएवढीच दाब. मग हात उचल, आणि तिचं होईपर्यंत थांब.

डॅडी